कडता

एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात तोलारी होतो.
गोणीमागे कडता धरायचा, हे आधी शिकलो,
मग वजन वाचायला.
ओल असते, माती असते, बारदान असतं,
कुणीतरी ते सोसायचं असतं,
आणि ते कुणी, हे काटा सांगत नाही.

नेरूळच्या हॉस्पिटलात काचेमागची पोरगी
समजावत होती,
"काका, साठीच्या पुढे वीस टक्के तुमचे."
म्हटलं, म्हणजे कडता.
ती म्हणाली, नाही हो, को-पे.

बेचाळीस हजारांची सलाईन, सहा महिन्यांतून एकदा.
आमचे आठ हजार चारशे.
वर हातमोजे, कापूस, सुई, कागदी टोपी,
ते कंपनीच्या लेखी औषध नव्हे.
आणि दर महिन्याच्या गोळ्या तर कुठल्याच रकान्यात नाहीत.
त्या घरी गिळतात,
आणि घरातलं दुखणं
पॉलिसीला ऐकू जात नाही.

शालन बाकावर बसली होती, हात मांडीत.
आल्याच्या गड्ड्यासारखी बोटं.
मी मोजली. पाच.
चार कंपनीची,
एक आमचं.
कुठलं, ते विचारायचं राहिलं.

करंगळी असती तर भागलं असतं म्हणावं,
तर करंगळीत अडकवूनच ती अजून दुधाची पिशवी आणते.
अनामिकेतली अंगठी गेल्या दिवाळीआधी
कोपरखैरण्याच्या सोनारानं करवतून काढली.
चार ग्रॅम सहाशे मिली. त्यात घट धरली.
मी काट्याकडे बघत राहिलो, सवयीनं.
काटा बरोबर होता.
सगळीकडे काटा बरोबरच असतो.

औषधवाला हितेनभाई दुसऱ्या कंपनीच्या गोळीचं नाव
शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही असं सांगतो.
तोच माल, बारदान वेगळं.
घेतली. फरक एकशे नव्वद रुपये.
त्या दिवशी मी तुर्भ्याहून चालत आलो नाही,
रिक्षा केली.

मग गोळ्यांचा हिशेब चुकला.
अठराला संपायची स्ट्रिप,
बावीसला पाच शिल्लक.
माल कमी भरला तर चोर बाहेरचा,
जास्त भरला तर आतला,
हे गाळ्यावर शेंबडं पोरही सांगेल.
डब्याच्या तळाशी आणखी एक सापडली, अर्धी,
कड सरळ. अडकित्त्यानं कापलेली.
त्या बोटांनी
अडकित्ता
कसा धरला असेल?

ती टीव्ही बघत होती,
रिमोट दोन्ही तळव्यांत धरून.
"एवढं कुठं दुखतंय आता," म्हणाली.
आवाज वाढवला.
मग माझ्याकडे न बघताच,
"आणि तुमची बीपीची डबी मोजली मी. ती सांगू का?"

आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलला.
मला असं कुणी काट्यावर चढवलं नव्हतं.

रात्री ओट्यापाशी उभं राहून दोघांनी गिळल्या.
तिनं आ करून दाखवला,
मी दाखवला,
जीभ वर, जीभ खाली,
बालवाडीतल्या पोरांसारखा.
हसू आलं तेव्हा तिचा हात ओट्यावर टेकलेला होता,
आणि ती कळ लपवायला विसरली.

फेब्रुवारीत पुढची सलाईन.
सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी मिळतेय, बघतो.
तेजलला सांगितलेलं नाही.
तिच्या पोरीची फी आहे, शालन म्हणते, सांगू नका.
हाही कडताच, फक्त पावती नाही.

अडकित्ता मी माळ्यावर टाकला.
"सुपारी कशानं फोडायची मग?"
म्हटलं, सुपारी सोड.
"तुम्ही तंबाखू सोडलीत?"
मी गप्प.

तिला शिडी चढता येत नाही.
तरी रोज सकाळी उठलो की
आधी शिडी बघतो,
आहे का जागच्या जागी.