श्वास घ्या, रोखा

मेडिकलच्या चौदा नंबरच्या खोलीत
मी दिवसाला साठेक छात्यांचे फोटो काढते.
हनुवटी वर. खांदे पुढे. प्लेटला चिकटून उभे राहा.
श्वास घ्या.
रोखा.
सोडा.
अकरा वर्षं हेच तीन शब्द.
संध्याकाळी आसनावर बसले की
त्यातला मधला तेवढा गाळायचा.
ढवळे सर हसायचे,
तू तर पगारी ध्यान करतेस, पोरी.

मे महिन्यात शाक्यजित हिमाचलातून परतला,
बँकेच्या पासबुकात कागदाचा एक तुकडा घेऊन.
करंगळीच्या नखाएवढा, त्यावर
निळ्या कमळाची अर्धी पाकळी छापलेली.
म्हणाला, सहा वर्षं पायऱ्या चढून राहिली तू,
ही लिफ्ट आहे बे.

मानेवाड्याची गच्ची. रात्रीचे दहा वाजले तरी
फरशी तळव्यांना पोळत होती.
खालच्या कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास,
अजनीच्या यार्डात इंजिनाचं शंटिंग.
मी मांडी घातली.
नाकपुडीखालची ती तांदळाएवढी जागा
मला घरच्या कुलपासारखी पाठ आहे,
अंधारातही किल्ली बरोबर लागते.

तासाभरानं ती जागा वाढली.
आधी गच्चीएवढी झाली,
मग तिला कठडाच उरला नाही.
श्वास आत येत होता
आणि ‘आत’ सापडत नव्हतं.
वाळ्याचा वासच मला हुंगत होता.
अजनीचं इंजिन माझ्या बरगड्यांमधून
एकेक रिकामा डबा ओढत नेत होतं.
आईचा शेवटचा फोटो मीच काढला होता,
तिनं तेव्हा रोखलेला श्वास
गच्चीवर कुणीतरी अजून धरून होतं.
मी रडले. बहुतेक हसलेही.
मग कुणीतरी म्हणालं, सोडा.
आवाज माझाच,
पण सोडायला मी कुठेच नव्हते.

तीन आठवडे चांगले गेले.
हेही सांगायला हवं,
नुसतं वाईट सांगितलं तर ते खोटं होईल.
चार वर्षं अबोला धरलेल्या भावाला मी फोन केला.
कचरागाडीचा भोंगा ऐकून डोळे भरून यायचे.
ड्रेसिंगच्या खोलीतल्या पिवळ्या बादलीकडे
मी उभी राहून बघत बसायचे.

मग आसनावर वाट बघणं सुरू झालं.
साधा श्वास आला की त्याला परत पाठवायचे,
तू नाही, तो दुसरा.
स्टॉपवर उभं राहून
आलेली प्रत्येक बस सोडून द्यावी तसं.
हात धुताना ते हात कुणाचे
हे बांगड्यांवरून ओळखायचं.

जुलैत उमरेडचा एक म्हातारा आला,
आयुष्यभर कोळशाच्या खाणीत राबलेला.
शिशाच्या काचेमागून मी म्हणाले, श्वास घ्या.
म्हणाले, रोखा.
आणि पडद्यावर त्याची काळीपांढरी छाती उमटली तशी
मी तिथेच राहिले,
त्या ठिपक्यांत, जणू गच्चीवरून दिसणारी कुठलीशी वस्ती.
किती वेळ, कोण जाणे.
काचेपलीकडून खोकल्यात फुटलेला आवाज आला,
‘बाई, सोडू का वो आता?’

त्या संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं.
ते वीजकेंद्रातली माणसं ऐकतात तसं ऐकत होते,
मान एका बाजूला कलती ठेवून.
कागद केवढा होता, विचारलं. मी नख दाखवलं.
बराच वेळ ते कुंडीतली माती उकरत राहिले.

‘कोराडीला बॉयलर पार थंड झाला असला
तर तापवायला आम्ही आख्खा दिवस घ्यायचो.
एकदा रात्रपाळीत घाई केली.’

पुढे बोलले नाहीत.
त्यांचा डावा कान अर्धाच आहे
हे मी सहा वर्षं बघत आले होते,
कधी विचारलं नव्हतं.

मग म्हणाले, बस.
आज घंटा तू वाजव.