शून्यावरचा काटा

हंगामात आमच्या गावाला आंबूस वास येतो.
कोकोच्या बिया केळीच्या पानांखाली सहा दिवस आंबतात,
मग बांबूच्या चटयांवर वाळतात,
मग येतात माझ्या नवऱ्याच्या काट्यावर.

सेलोर्म काटा शून्याच्या अलीकडे ठेवायचा,
पोत्यामागे दोन किलो.
सगळेच ठेवायचे, पार टोगोच्या सरहद्दीपर्यंत.
काटा मारणं हा गुन्हा नव्हता, पगाराचाच तो एक भाग.
कंपनीला ठाऊक होतं,
म्हणून तर पगार तेवढाच.

त्या दोन-दोन किलोंतून यायराची फी गेली,
माझं निळं कापड आलं,
आणि, सांगताना जीभ अडखळते,
चर्चच्या छपराचे सात पत्रे आले.
पावसात त्याच पत्र्यांखाली गुडघे टेकून
आम्ही पापं कबूल करायचो.
हे एक सोडून.

वीज चमकली नाही. स्वप्न पडलं नाही.
उपासकाळातला एक बुधवार,
हातातला घास भेंडीच्या कालवणात बुडवून तो थांबला.
"उद्या काटा शून्यावर लावतो."
"आणि फी?"
"माहीत नाही."
बास, एवढंच.

मी भांडले.
तुझा आत्मा धुवायला पोरीच्या ताटातलं पाणी का, म्हणाले.
त्याच्याकडे उत्तर नव्हतं,
असतं तर मी आणखी चिडले असते.
पाळक आग्बेको म्हणाले, हळूहळू कर,
यंदा एक किलो सोड, पुढल्या वर्षी दुसरा,
पोटही देवानंच दिलंय.
बोलताना त्यांची नजर
एकदा छपराकडे गेली.

चौपट परत करावं म्हणतात.
आमच्याकडे एकपटही नव्हतं.
होती फक्त वही, अकरा वर्षांची.
ती काखेत मारून तो दारोदार गेला.

तिसरं दार म्हातारी आफीचं.
ती शेंगा सोलत होती, डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यानं सगळं सांगितलं. तिनं सोलणं थांबवलं नाही.
"ठाऊक होतं रे.
तुझ्या आधीचा पाच मारायचा, पलीकडचा चार.
तू दोन.
तुला आम्ही भला माणूस म्हणायचो."

त्या रात्री तो पायरीवरच बसून राहिला.
आईला पुरून आला तेव्हाही असा दिसला नव्हता.
शिवी पेलली असती त्यानं.
भला माणूस, हे पेललं नाही.

पुढे काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे.
आगारातला मोठा काटाही मारलेलाच होता.
याची खरी पोती तिथे कमी भरली.
चार महिन्यांची तूट, सही, शिक्का, घरी जा.
अकरा वर्षं कागदावर चोख असलेला माणूस
आता कागदावर चोर आहे.
मी ओरडले, जाऊन सांग त्यांना!
"कुणाला?" तो म्हणाला.
आणि हसला, फार दिवसांनी.

हल्ली तो आफीच्या चटयांवर बिया उलथतो, रोजावर.
निम्मा रोज वहीतली एक-एक ओळ खोडण्यात जातो.
यायरा सरकारी शाळेत चालत जाते,
बापाशी बोलते, पण पूर्वीइतकं नाही.
काटा त्याच्या हातून गेला,
तळपायात रुतला. लंगडत का होईना,
चालतो.

मी मात्र अजून काही ठरवलेलं नाही.
निळं कापड पेटीत आहे.
ईस्टरला काढलं, इस्त्री केली,
पुन्हा घडी घातली.

हल्ली मी रस्त्याकडेला केंकी विकते,
आंबवलेल्या मक्याचे गोळे, कणसाच्या सालीत बांधून.
मका महागलाय.
आज पहाटे एक गोळा हातात घेतला,
चिमूटभर काढला.
पुन्हा लावला.
पुन्हा काढला.
चुलीवर पाणी उकळत होतं,
आणि मागे अंगणात तो
पाय धूत होता, माझ्याकडे न बघता.