पोटा

सांगलीच्या जनावरांच्या दवाखान्यात
मंगळवारी एका टेबलावर दोन पोपट आले.

एक सावळजचा. द्राक्षबागेवरच्या जाळीत
रात्रभर अडकून मेलेला. पायगोंडा मगदूम
खताच्या पोत्यात घालून घेऊन आले होते,
"बघा तरी, किती माल खाल्लाय यानं."

दुसरा गणपती पेठेतला. नाव सरपंच.
स्टीलच्या डब्यात, रुमालावर.
जैनब तांबोळी दारातूनच म्हणाल्या,
"पाळायला बंदी आहे, ठाऊक आहे मला.
लिहू नका. पण बघा."

सावळजचा आधी उघडला.
गळ्याखालची पिशवी तट्ट. शाळू.
दाणा न् दाणा सोललेला:
पोपट टरफल चोचीतच उतरवतो, जाड जीभ
अंगठ्यासारखी फिरवून,
म्हणून कोंबडीसारखे खडे गिळत बसत नाही.
द्राक्षाची साल निघाली एक. एकच.
मगदूम चष्मा पुसायला लागले.
खाली पोटा, सुपारीएवढा, आवळलेला.
सुरी अडली.
आतून नुकती टाकी लावलेल्या जात्यासारखा.

सरपंचाच्या पिशवीत
दुधातली चपाती, आंबलेली,
आणि भडंगातले दोन शेंगदाणे, लसणासकट.
यकृत लोण्यासारखं पिवळं.
पोटा दाबला तर बोट उमटलं.
अकरा वर्षं दळायला काही आलंच नव्हतं.

"पित्त झालं असेल का हो?"
म्हटलं, पोपटाला पित्ताची पिशवीच नसते.
पित्त असतं. साठवत नाही.
"बरोबर. शिव्या द्यायचा
आणि लगेच मांडीवर यायचा."
मग जरा थांबून,
"चपाती मी चावून द्यायची.
त्याला दात कुठायत?"

पोपटाची आईही तेच करते.
पिशवीतलं मऊ करून पिलाच्या चोचीत ओतते,
सहा आठवडे, फार तर सात.
मग एक दिवस देत नाही.
हे मी बोललो नाही. नळ सोडला
आणि म्हणालो, "वय झालं होतं."

मगदूम अजून दाण्यांकडंच बघत होते.
"हा शाळू आमच्या भावकीचा," म्हणाले,
आवाजात समाधान लपत नव्हतं.

बाई डबा घेऊन गेल्या.
टेबलाच्या कोपऱ्यावर कागदाची पुडी राहिली,
माझ्यासाठी आणलेलं भडंग.
संध्याकाळी उघडलं.
एकेक दाणा
बराच वेळ चावत होतो.