देवघेव

वसमतच्या आमच्या वाचनालयात बसायला जागा नाही.
हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही हळहळ सुरू करणार नाही.
सकाळी सहाला कुलूप काढायच्या आत
पायरीवर चपलांची रांग:
तलाठी, पोलीस, वनरक्षक.
बत्तीस खुर्च्या, बत्तीस पाण्याच्या बाटल्या,
चार्जिंगचा बोर्ड एकच,
त्यावरून रोजची भांडणं.

फक्त कपाटांकडं कुणी जात नाही.
कपाटं त्यांच्या पाठीमागं उभी,
लग्नात जेवणाऱ्यांच्या मागं
पुढच्या पंगतीची माणसं उभी असतात, तशी.

मला वर्षातून एकदा खोटं लिहावं लागतं.
फेब्रुवारीत तपासणी. साहेब येतात, चहा घेतात,
देवघेवीची वही मागतात.
आकडा कमी तर अनुदान कमी,
आणि अनुदानातच माझा पगार,
जो ऐकून तुम्ही हसाल म्हणून सांगत नाही.

तर जानेवारीतल्या रात्री मी वही घेऊन बसतो
आणि गावाला वाचायला लावतो.
नागनाथअप्पा बिडवे वारून सहा वर्षं झाली,
त्यांना प्रवासवर्णनं;
हयातीत परभणीच्या पुढं गेले नाहीत.
मुनीर टेलरला शिकारकथा.
ढवळ्यांची तिन्ही पोरं चाकणला कंपनीत,
त्यांना महिन्याला चार चार.
पेन बदलतो, अक्षर बदलतो,
एखादं पुस्तक मुद्दाम उशिरा परत करवतो,
दोन रुपये दंड लावतो, स्वतःच भरतो.
खोटं असलं तरी बेहिशेबी नको.

परवा तनुजा खिल्लारे टेबलाशी आली.
पहाटे बायपासला आठशे मीटर पळते,
मग इथं, दिवेलागणीपर्यंत प्रश्नसंच.
वही उघडी राहिली होती.
तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"सर, हे मी कवा नेलतं?"

दाखल क्रमांक अठराशे सात.
कादंबरी, नावाड्याच्या पोरीची.
पुढं तिची सही,
माझ्या डाव्या हातानं केलेली.

मी काहीबाही बोललो. अनुदान, साहेब, वरून आलेलं पत्र.
ती रागावली नाही, हसलीही नाही.
चार पर्यायांकडं बघावं तसं माझ्याकडं बघत म्हणाली,
"बरं. मंग मी वाचलंय म्हणा की.
शेवटी काय होतं तिचं?"

आणि मला सांगता येईना.
नदी आठवत होती, पूर, मधलं एक भांडण,
कुणीतरी वल्हं फेकून देतं ते.
पुढं काही नाही.
तीस वर्षं ते पुस्तक मी झटकलं,
दोनदा डिंकानं पाठ चिकटवली,
आणि या पोरांना
चहाच्या टपरीवर नावं ठेवत आलो:
वाचत नाहीत लेकाचे.

कपाटाची किल्ली फिरेना. तिनंच जोर लावला.
अठराशे सात बाहेर आलं.
शेवटची अकरा पानं कसरीनं खाल्लेली,
नुसती जाळी,
पलीकडचा तिचा तळहात दिसत होता.
पुस्तकाला लागलेली कसर
आणि माझी राहिलेली,
दोन्ही एकाच टेबलावर.

तिनं घड्याळ बघितलं. काळ-काम-वेगाचा तास होता, ऑनलाइन.
पुस्तक घेऊनच जागेवर गेली,
मोबाईल त्याला टेकवून उभा केला,
कानात वायर घातली.
उंची बरोब्बर बसली.

मी काय बोलणार.

दुपारी लाईट गेली.
सगळ्यांनी एकदम माना वर केल्या,
थांबत आलेल्या पंख्याकडं बघत राहिले.
मी बघत होतो खिडकीजवळच्या खुर्चीकडं.
मोबाईल पालथा.
पुस्तक मधूनच कुठंतरी उघडलेलं.
वाचत होती, की वारा घ्यायला पानं चाळत होती,
एवढ्या लांबून मला दिसत नाही आता.
वीस मिनिटांनी लाईट आली.

रात्री वही काढली.
तिचं नाव तसंच ठेवलं, सहीही.
फक्त शेवटच्या रकान्यात
मी लिहून ठेवलेलं 'परत आले'
तेवढं खोडलं.