हिरवा जबडा

सेतूबलच्या दवाखान्यात
देओलिंदा आ करून बसलीय.
मी कांडी फिरवते दातांवरून,
पडद्यावर जबडा उगवतो,
ना ओठ, ना जीभ.

मागच्या वर्षीचा जबडा
डॉक्टर त्यावर अलगद ठेवतात.
झिजलं असेल तिथं लाल दिसतं.
सगळा हिरवा.

"छान! केसभरही फरक नाही."

पुढच्या दाताला खाच आहे एक.
चाळीस वर्षं जाळ्याचा दोरा तिथंच धरून
गाठी मारल्या हिनं.
दरवर्षी थोडी खोल जायची,
यंदा थांबलीय.

होडी विकू नकोस म्हणून
लेकापुढे दाताच्या कण्या केल्या,
त्या मशीनला कुठं दिसल्या नाहीत.

ती चूळ भरते.
जिभेनं खाच चाचपते.
अजून
बरोबर दोऱ्याएवढी.