शेवटच्या वळणावरचं एक मिनिट

चर्चच्या तळघरात कॉफीचं मशीन गुरगुरतंय.
एप्रिल संपत आला, तरी पार्किंगच्या कडेला
काळवंडलेला बर्फ ठाण मांडून आहे.
आम्ही तिघं, अकरा अर्ज,
आणि वेर्ना ओब्लाकने आणलेला दालचिनीचा केक.

उत्तर मिनेसोटातल्या या खाणगावात
बारावी संपवून निघालेल्या पोरांसाठी
मेलेल्यांच्या नावाने सात शिष्यवृत्त्या आहेत.
स्नोमोबिलसकट तळ्यात गेलेल्या मुलाची, हजार डॉलरची.
हॉकीच्या गोलरक्षकाची.
दंतवैद्याची, जिच्यासाठी कुणी अर्जच करत नाही.
आमची सगळ्यात लहान:
आउने राउतिओ, शाळेची बस चालवायची.
साडेतीनशे डॉलर.
दर फेब्रुवारीत पॅनकेक विकून जमवतो;
पीठ-अंडी वजा जाता कधी भरतात,
कधी डेल गुपचूप स्वतःच्या खिशात हात घालतो.

अर्जात प्रश्न एकच, तिच्या बहिणीने घातलेला:
तुम्ही आउनेला कसे ओळखत होता?

पहिल्या वर्षी मुलांनी पानंच्या पानं लिहिली.
उणे तीसमध्ये कुणाला तिने हातमोजे काढून दिले,
मागच्या बाकावर मारामारी झाली की बस थांबवून
फिनिशमध्ये कशी ठेवणीतल्या शिव्या द्यायची.
मग, माझ्या दादाला ती आठवते.
मग, आई सांगते.
यंदाची पोरं तर ती गेल्यावर जन्मलेली.
एकाने तिला आजोबा केलंय.
एकाला तिच्यापासून रोज प्रेरणा मिळते;
कुठे मिळते, ते लिहिलेलं नाही.

डेल म्हणाला, प्रश्न बदलू या.
वेर्ना म्हणाली, मग नावही बदला.
थोडा वेळ सगळ्यांनी केक खाल्ला.

नववा अर्ज जोली कांगासचा, पेन्सिलीने लिहिलेला.
मोठ्याने वाचायला मी घेतला,
चष्मा माझाच त्यातल्या त्यात बरा.

"मी या बाईंना ओळखत नाही.
आमची बस रोज सकाळी जुन्या खाणीच्या वळणावर थांबते.
तिथे घर नाही. कुणी चढत नाही.
दार उघडतं, थंडी आत येते, मिनिटभराने दार मिटतं.
ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला,
आधीच्याने सांगितलं होतं, इथे थांबायचं.
त्या आधीच्यालाही कुणीतरी सांगितलं होतं.
विचारत विचारत मागे गेले,
तर या बाईंच्या नावाशी पोचले.
का थांबायचं, ते कुणालाच ठाऊक नाही.
त्या मिनिटात मी राहिलेलं गणित पुरं करते.
याला ओळख म्हणतात का?"

तिथे घर होतं.
पिवळं, दोन खोल्यांचं; पुढे खाणीने आख्खी गल्लीच गिळली.
रात्रपाळी करून बाप यायचा,
खुर्चीत बसायचा आणि उठू शकायचा नाही.
मी त्याचे बूट सोडायचो, ओले मोजे ओढायचो,
खांद्याला धरून पलंगापर्यंत न्यायचो,
मग स्वयंपाकघरातला दिवा मालवून धावत सुटायचो.
ती दार उघडं ठेवून बसलेली असायची, नजर समोर.
कधी काही विचारलं नाही.
मीही आभार मानले नाहीत; चौदा वर्षांचा होतो,
लाज वाटायची.

पण मी शाळा सोडल्याला पन्नास वर्षं झाली.
घर जाऊन त्रेचाळीस.
आणि ती थांबतच राहिली?
कुणासाठी, आउने?
की हात आपोआप दाराच्या कळीकडे जायचा,
तेवढंच?

"पुढे वाच," डेल म्हणाला.
पुढे काही नव्हतं. खाली फक्त सही.

चेक जोलीच्या नावाने लिहायचा ठरला.
कांगासमध्ये 'ए' एक की दोन, यावर जरा वाद झाला.
वेर्ना ताटल्या गोळा करत म्हणाली,
"पण ओसाड वळणावर रोज बस उभी करायची
म्हणजे फुकट डिझेल जाळणं.
शाळेला कळवायला हवं."

मी चष्मा पुसत होतो.
"राहू दे," म्हणालो.
"का?"
"राहू दे, वेर्ना."
तिने माझ्याकडे पाहिलं,
आणि उरलेला केक
कागदात गुंडाळून माझ्यापुढे सरकवला.