नोंद

शनिवारी शाळा सुटली की
मी संगणक उघडते.
सहावी ब. नावापुढं पट्टी:
हिरवी, पिवळी, लाल.

अरमान बागवान, एक्केचाळीस पुस्तकं.
प्रोग्रॅम त्याला चांदणी देतो, टाळ्याही वाजवतो.
परवा त्यानंच हळूच सांगितलं,
"बाई, सगळ्यात लांब उत्तर असतंय न्हवं,
तेच बरोबर असतंय."

तेजल कुंभार, एक.
जूनपासून एकच.
देवमाशाचं, बावीस पानांचं.
आठव्यांदा न्यायला आली तेव्हा पडद्यावर आलं,
'या पुस्तकाची नोंद आधीच झाली आहे.'

पुस्तक उघडून पाहिलं.
नवव्या पानावर शाडूचा अंगठा,
तेराव्यावर अख्खा पंजा,
तिचा नव्हे, मोठ्या माणसाचा.

"पप्पांचा हाय. मूर्तीचं काम चालतंय तवर
मी वाचतो, ते ऐकत्यात.
चित्र आलं की म्हणत्यात, थांब, बघू दे."
"मग एवढ्या वेळा वाचून संपलं नाही होय?"
"संपतंय कुठं, बाई?
काल इचारलं त्यांनी, देवमासा झोपतो कसा?
त्यात न्हाई दिल्यालं."

शेऱ्याचा रकाना साठ अक्षरांचा.
लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
बापट कॅम्पात आता
अर्ध्या सोंडांवर ओली फडकी टाकली असतील.
पट्टी लालच राहिली.

कपाटाच्या वरच्या फळीवरून
समुद्राचं जाडजूड पुस्तक काढलं,
सोमवारसाठी.
त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं,
कडा दुमडल्या, चिकटपट्टी लावली.

मग दिवा बंद करता करता
परत बसले
आणि कव्हर काढून टाकलं.